मालिकावीर निवडायचा कसा? कसोटी नव्यानं पाहू लागलेल्यांसाठी

१९ जानेवारी २०२१. ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर ऋषभ पंतनं हेझलवूडला समोर चौकार मारला आणि भारतानं ३२८ धावांचं लक्ष्य तीन गडी राखून गाठलं. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया या मैदानावर एकही कसोटी हरला नव्हता. भारतानं मालिका २-१ अशी जिंकली. थोड्या वेळानं मालिकावीर जाहीर झाला : पॅट कमिन्स. आमच्या घरात एकच गलका झाला. हरलेल्या संघाचा गोलंदाज मालिकावीर? मग पंतचं काय, पुजाराचं काय?

त्या संध्याकाळी मी चारही सामन्यांचे धावफलक उघडले आणि वही घेऊन बसलो. कमिन्सचं नाव चुकीचं आहे हे सिद्ध करायचं होतं. रात्री उशिरा वही मिटली तेव्हा माझं मत बदललं होतं. तेव्हापासून प्रत्येक मालिकेला मी ही पद्धत वापरतो. तुम्ही कसोटी क्रिकेट नव्यानं पाहू लागला असाल आणि मित्रमंडळींत किंवा घरच्या पैजेत मालिकावीर निवडायची वेळ आली, तर ती तुमच्याही कामी येईल.

आधी प्रश्न नक्की करा

बहुतेक वाद दोन माणसं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असल्यामुळे होतात. "सर्वांत जास्त धावा कुणाच्या?" हा एक प्रश्न. "सर्वांत मोठी खेळी कुणाची?" हा दुसरा. "जिंकून कुणी दिलं?" हा तिसरा. मालिकावीर यांपैकी कुठल्याच एका प्रश्नाचं उत्तर नाही. आपल्याला विचारायचंय ते असं : पहिल्या सामन्याच्या पहिल्या सत्रापासून शेवटच्या चेंडूपर्यंत, सगळं मिळून, या मालिकेवर सर्वांत जास्त पकड कुणाची होती? हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे भावना अनावर झाल्या की याच पानावर परत यायचं.

वही पहिल्या दिवशी उघडा

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि नवखे नेमकी हीच गाळतात. चार-पाच सामन्यांची मालिका महिना-दीड महिना चालते. शेवटचा दिवस डोळ्यांत ताजा असतो, पहिली कसोटी पुसट झालेली असते. २०२०-२१ च्या मालिकेचं नाव काढलं की गाबा आठवतं. पण त्याच मालिकेत ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला होता. हेझलवूडनं ८ धावांत ५, तर कमिन्सनं २१ धावांत ४ बळी घेतले होते. गाबाच्या आनंदात ते पान कुणी उलटून पाहत नाही.

म्हणून रोज खेळ संपला की दोनच ओळी लिहा : आज सामना कुठल्या क्षणी वळला, आणि तो कुणी वळवला. आकडे लिहायची गरज नाही, ते क्रिकइन्फो या संकेतस्थळावर कायम मिळतात. वळण मात्र त्याच दिवशी लिहावं लागतं, कारण निकाल कळल्यावर आपली आठवण निकालाच्या बाजूनं झुकते.

वळण म्हणजे काय, तर त्याच मालिकेतलं एक उदाहरण घ्या. सिडनीत शेवटच्या दिवशी हनुमा विहारीनं १६१ चेंडू खेळून नाबाद २३ धावा केल्या, रवीचंद्रन अश्विननं १२८ चेंडूंत नाबाद ३९. विहारीची मांडी दुखावली होती, अश्विनची पाठ. दोघांनी सामना वाचवला. धावांच्या यादीत हे २३ कुणाच्या नजरेला पडणार? वहीत मात्र ती त्या सामन्याची सर्वांत ठळक ओळ असली पाहिजे.

विकेटचा भाव काढा

फलंदाज आणि गोलंदाज एकाच तराजूत तोलायचे कसे, हा खरा गुंता. ४०० धावा मोठ्या की २० बळी? यासाठी एक सोपा हिशेब आहे. मालिकेत दोन्ही संघांनी मिळून केलेल्या एकूण धावांना पडलेल्या एकूण विकेटनी भागा. जो आकडा येईल तो त्या मालिकेतला एका विकेटचा भाव. बाजारात कांद्याचा भाव दर हंगामाला बदलतो, तसा विकेटचाही दर मालिकेला बदलतो.

२०२०-२१ च्या मालिकेत अवांतर धरून ३९११ धावा झाल्या आणि १३१ विकेट पडल्या. भाव आला साधारण ३०. (ॲडलेडच्या ३६ धावांच्या डावात मोहम्मद शमी जखमी होऊन परतला, म्हणून तिथे विकेट नऊच मोजायच्या. असे बारकावे बघत चला.)

आता फलंदाजाच्या एकूण धावांतून तो जितक्या वेळा बाद झाला तितके भाव वजा करा. गोलंदाजाचं उलट : बळी गुणिले भाव, त्यातून त्यानं दिलेल्या धावा वजा. उरेल तो त्याचा नफा.

कमिन्सचे २१ बळी, दिलेल्या धावा ४२१. म्हणजे ६३० वजा ४२१, नफा २०९. ऑस्ट्रेलियाचा मार्नस लाबुशेन ४२६ धावा करून आठ वेळा बाद झाला : ४२६ वजा २४०, नफा १८६. पंत तीन सामन्यांत २७४ धावा, चार वेळा बाद : नफा १५४. अजिंक्य रहाणे २६८ धावा, सात वेळा बाद : ५८. चेतेश्वर पुजारा २७१ धावा, आठ वेळा बाद : फक्त ३१. आणि मोहम्मद सिराज, १३ बळी, ३८४ धावा : नफा अवघा ६.

इथे थांबलात तर पुजारा आणि सिराजवर अन्याय होईल. पण ही पायरीच गाळलीत तर कमिन्सवर होईल, आणि त्या संध्याकाळी आम्ही सगळे तेच करत होतो.

भाव मैदानागणिक बदलतो

हीच आकडेमोड आता एकेका सामन्यासाठी करा. मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवलं ते या पायरीनं. ॲडलेडला ५६४ धावांत ३१ विकेट पडल्या. सिडनीलाही ३१ विकेट पडल्या, पण १२२८ धावा झाल्या. म्हणजे ॲडलेडला विकेटचा भाव १८, सिडनीला ४०. दोन्हीकडे नोंद एकाच मालिकेच्या खात्यात होते, पण एकीकडची धाव दुसरीकडच्या दोन धावांहून महाग आहे.

यातून काय दिसतं बघा. ऑस्ट्रेलियाच्या टिम पेननं ॲडलेडला नाबाद ७३ केल्या. संघ १९१ मध्ये गारद झाला असताना. सिडनीत या खेळीला दीडशेचं मोल आलं असतं. आता गोलंदाजी बघा. कमिन्सचे ॲडलेडचे २१ धावांत ४ बळी सगळ्यांना आठवतात. पण सिडनीत, जिथे एकेक विकेट ४० धावांना पडत होती, तिथे त्यानं पहिल्या डावात २९ धावांत ४ बळी घेतले. नफा मोजलात तर ॲडलेडला ५१, सिडनीला १३१. ज्या स्पेलबद्दल कुणी बोलत नव्हतं तो अडीचपट मोलाचा होता. दुसऱ्या डावात त्याच कमिन्सला ७२ धावांत एकच बळी मिळाला, हेही लिहून ठेवा. हिशेब दोन्ही बाजूंनी करायचा.

मी त्या रात्री इथेच थबकलो. शिवाय पुजारा आठपैकी पाच वेळा कमिन्सच्याच गोलंदाजीवर बाद झाला होता. समोरच्या संघाचा कणा कोण, आणि तो कुणी मोडला, ही नोंद प्रत्येक मालिकेत करा. पुजारासारखा फलंदाज पाच वेळा घेणं आणि अकराव्या क्रमांकाचा पाच वेळा घेणं, दोन्ही धावफलकात सारखंच दिसतं.

हिशेबात न मावणारं काम

आता पुजारा आणि सिराजकडे परत येऊ. पुजारानं त्या मालिकेत ९२८ चेंडू खेळले. गाबाच्या चौथ्या डावात २११ चेंडूंत ५६ धावा, अंगावर चेंडू झेलत. तो एका टोकाला उभा होता म्हणून शुभमन गिलला ९१ करता आल्या आणि मागून पंतला दमलेल्या गोलंदाजांवर तुटून पडता आलं. हे काम धावांत मोजता येत नाही, चेंडूंत येतं. म्हणून फलंदाजांच्या नावापुढे धावांसोबत खेळलेले चेंडू लिहाच.

सिराजचं तसंच. शमी, उमेश यादव, बुमराह, अश्विन, जडेजा सगळे एकेक करून जायबंदी झाले आणि तिसराच सामना खेळणारा हा मुलगा गाबाला गोलंदाजीचा म्होरक्या झाला. दौऱ्यावर असतानाच त्याचे वडील गेले होते. दुसऱ्या डावात त्यानं ७३ धावांत ५ बळी घेतले. मालिकावीर म्हणून मी त्याचं नाव धरणार नाही, तीन सामन्यांत एकच मोठा डाव आहे. पण वहीत त्याच्या नावापुढे जाड रेघ आहे.

गोलंदाजांच्या बाबतीत टाकलेली षटकंही बघा. २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये सिराज पाचही कसोट्या खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले, आणि ओव्हलला शेवटच्या सकाळी गस अटकिन्सनचा त्रिफळा उडवून सहा धावांनी सामना जिंकून दिला. पाचव्या सामन्याच्या पाचव्या दिवशी तेवढ्याच वेगानं धावत येणं हे कौशल्याइतकंच दमाचं काम आहे, आणि मालिका म्हणजे दमाचीच परीक्षा.

झेल आणि सुटलेले झेल वेगळ्या रकान्यात लिहा. सिडनीत पेननं यष्टींमागे पंतला जीवदान दिलं, त्याची किंमत ऑस्ट्रेलियानं मोजली. ओव्हलच्या त्याच सामन्यात इंग्लंडचा हॅरी ब्रूक १९ वर असताना सिराजनं सीमारेषेवर झेल घेतला, पण पाय दोरीला लागला. ब्रूकनं १११ केल्या. सिराजच्या खात्यात बळी जमा करताना हेही त्याच्याच खात्यात मांडलं पाहिजे. आवडत्या खेळाडूच्या बाबतीत हे करायला हात अडखळतो, तिथेच निवडणाऱ्याचा कस लागतो.

हरलेला संघ आणि न खेळलेले सामने

मालिकावीर जिंकलेल्या संघाचाच असावा असा कुठलाही नियम नाही. २०२४-२५ मध्ये भारत ऑस्ट्रेलियात १-३ हरला, तरी मालिकावीर जसप्रीत बुमराह होता : ३२ बळी, सरासरी १३.०६. तो निर्णय चुकला असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. निकालाला वजन द्या, पण ते दोन नावं अगदी तुल्यबळ असतील तेव्हाच. आधी निकाल आणि मग माणूस शोधायचा, हे नको.

न खेळलेल्या सामन्यांबाबत माझं मत थोडं कडक आहे. दुखापत कुणाच्या हातात नसते हे खरं, पण पुरस्कार मालिकेचा आहे. चारपैकी तीन सामने खेळलेल्याला चारही खेळलेल्यापेक्षा ठळकपणे सरस असावं लागतं. पंत ॲडलेडला नव्हता. त्याचा गाबाचा डाव मी आयुष्यभर विसरणार नाही, पण नफ्यात तो कमिन्सच्या मागे आहे, सामन्यांत मागे आहे. म्हणून वही मिटताना मी कमिन्सच्या नावावर सही केली.

दोन नावं उरली की

इंग्लंडमध्ये दोन्ही संघांतून एकेक मालिकावीर निवडतात आणि निवड समोरच्या संघाचा प्रशिक्षक करतो. २०२५ मध्ये इंग्लंडचा प्रशिक्षक ब्रेंडन मॅकलमनं ७५४ धावा करणाऱ्या गिलला निवडलं, भारताचा प्रशिक्षक गौतम गंभीरनं ४८१ धावा करणाऱ्या ब्रूकला. जो रूटच्या ५३७ होत्या, आणि हा मान रूटला मिळायला हवा होता असं खुद्द ब्रूकनंच सांगितलं. तरी गंभीरच्या निवडीमागचा विचार मला पटतो. आपल्या ड्रेसिंग रूममध्ये समोरच्या संघातल्या कुणाची धास्ती होती, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

आपणही शेवटच्या दोन नावांसाठी हेच करायचं : क्षणभर विरुद्ध संघाच्या कर्णधाराच्या जागी उभं राहा. मालिका पुन्हा खेळायची आहे आणि समोरच्या संघातला एक माणूस वगळायची मुभा आहे. तुम्ही कुणाला वगळाल? मन ज्या नावावर लगेच जातं ते बहुतेक वेळा बरोबर असतं. मात्र हा प्रश्न शेवटीच विचारा. हिशेबाआधी विचारलात तर मन हमखास सर्वांत आक्रमक फलंदाजाकडे धावतं.

सरावासाठी एक जुनी मालिका : वेस्ट इंडिज, १९७१

टीव्हीवरची मालिका पाहताना मन स्वच्छ राहत नाही. सराव जुन्या मालिकेवर करा. मी सगळ्यांना १९७१ चा वेस्ट इंडिज दौरा देतो, कारण आपल्याकडे त्यावर घराघरांत दोन पक्ष आहेत : सुनील गावसकर की दिलीप सरदेसाई?

सरदेसाई मडगावचे, खेळले मुंबईकडून. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारत ५ बाद ७५ होता. तिथून त्यांनी २१२ केल्या. आधी एकनाथ सोलकर, मग इरापल्ली प्रसन्ना यांना हाताशी धरून संघाला ३८७ पर्यंत नेलं. वेस्ट इंडिज २१७ मध्ये बाद. पहिला दिवस पावसात गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला गेला, आणि फॉलोऑनसाठी, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवण्यासाठी, १५० ची आघाडी पुरेशी होती. भारताचे कर्णधार अजित वाडेकर गॅरी सोबर्सच्या संघाला फॉलोऑन द्यायला गेले, तेव्हा त्या दौऱ्याचा नूरच पालटला. गावसकर हा सामना खेळलेच नव्हते, बोटाला जंतुसंसर्ग झाला होता.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. सरदेसाई ११२, गावसकर ६५ आणि नाबाद ६७. भारताचा वेस्ट इंडिजवरचा पहिला कसोटी विजय, आणि मालिकेतला एकमेव निकाली सामना. तिसरीत, जॉर्जटाउनला, गावसकर ११६ आणि नाबाद ६४. चौथी ब्रिजटाउनला : वेस्ट इंडिज ५ बाद ५०१, भारत ६ बाद ७०. पुन्हा सरदेसाई, १५०, पुन्हा साथीला सोलकर, ६५. फॉलोऑन टळला. शेवटच्या दिवशी गावसकर नाबाद ११७, सामना वाचला. पाचवी पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला, सहा दिवसांची : गावसकर १२४, आणि भारत पहिल्या डावात १६६ नं मागे पडल्यावर, दाढ ठणकत असताना, २२०.

आता वही उघडा. दोन्ही संघांच्या सगळ्या डावांची बेरीज करून भाव काढा, तो ४० च्या आसपास येईल. गावसकर : चार सामने, ७७४ धावा, पाच वेळा बाद, नफा ५७४. सरदेसाई : पाच सामने, ६४२ धावा, आठ वेळा बाद, नफा ३२२. गॅरी सोबर्स : ५९७ धावा, आठ वेळा बाद, नफा २७७, वर १२ बळी. कमिन्सप्रमाणे तेही हरलेल्या बाजूचे आहेत, पण तेवढ्यासाठी सोबर्स यांना यादीतून आधीच काढू नका. भारताचा फिरकीपटू वेंकटराघवनचे २२ बळीही पाहून घ्या.

इथे पंतच्या वेळची अडचण उलट बाजूनं येते : एक सामना न खेळलेला माणूस नफ्यात पुढे आहे. पण तो किती पुढे आहे बघा. जवळजवळ पावणेदोनपट. "ठळकपणे सरस" मी म्हणालो ते याला. आणि वळणांच्या रकान्यात? सरदेसाईंची दोन वळणं, ५ बाद ७५ आणि ६ बाद ७०, भारतीय क्रिकेटमधली सर्वांत मोलाची आहेत असं मी मनापासून मानतो. पहिलं नसतं तर पुढची मालिका वेगळी झाली असती. मात्र १-० ही आघाडी टिकवण्याचं काम त्यानंतर तीन सामने चालू होतं, आणि त्या तीनही सामन्यांत शेवटच्या डावापर्यंत उभा राहिलेला माणूस एकच होता.

निर्णय झाला की तो दोन वाक्यांत लिहा, तिसरं वाक्य लागलं तर निर्णय अजून पिकलेला नाही असं समजा. माझ्या वहीतलं १९७१ चं पान असं आहे : "मालिकावीर सुनील गावसकर, कारण चार सामन्यांत एकदाच स्वस्तात बाद झाले आणि मिळालेली आघाडी शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही. मालिकेतली सर्वांत मोठी खेळी दिलीप सरदेसाई यांची, किंग्स्टन, २१२."